बिनकुलपाची रास

"त्या वर्षी भास्कर रडकुंडीला येऊन माझ्यापाशी आला. मी साहेबांच्या कानावर घातले. मिठाच्या ढिगावर कधी कोणी कर्ज देते का? परंतु साहेब दयाळू. गरीब घर पाहून त्यांनी दिले. पुढे पावसात निम्मे मीठ वाहून गेले, तरी आम्ही सांभाळून घेतले."

हे वाक्य न् वाक्य माझा मावसभाऊ जगन्नाथ याचे आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या मंडळींनी काढलेल्या स्मरणिकेत त्याने ते छापून आणले, आणि वर स्वाक्षरी करून मला एक प्रत सप्रेम पाठवली. जगन्नाथ माझ्याहून वडील. लहानपणी त्याच्यापुढे मी तोंड उघडत नसे. आता आम्हा दोघांच्याही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला आहे, तेव्हा वडीलकीचा तो करार संपला असे मी समजतो. त्याच्या परिच्छेदात चार विधाने आहेत: मी रडलो, त्याने शब्द टाकला, साहेबांना दया आली आणि निम्मे मीठ वाहून गेले. चारही विधाने खोटी आहेत. मी आयुष्यभर वाणिज्य शाखेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवले. चुकीचे उत्तर लाल शाईने खोडल्याशिवाय पुढचा पेपर हाती घेण्याची मला सवय नाही.

आमचे गाव गडबच्या पलीकडे, खाडीला लागून, खारीत, म्हणजे भरतीच्या खाऱ्या जमिनीत. समुद्राचे पाणी बांधाने अडवायचे, उघाडीच्या दारातून हवे तेवढेच आत घ्यायचे आणि उन्हाला कामाला लावायचे, हा आमचा पिढीजात धंदा. बाच्या नावावर मिठागराचे थोडे वाफे होते. थोडे, पण स्वतःचे. हे मुद्दाम लिहितो, कारण 'गरीब घर' हा शब्द जगन्नाथने फार सैल हाताने वापरला आहे. भरतीचे पाणी उघाडीतून शिरताना जो घोगरा आवाज होई, तो ऐकत मी झोपत असे आणि पहाटे बाच्या लाकडी फळीखाली मिठाचे खडे करकरू लागले की जागा होत असे. आई, म्हणजे आमची आये, तांदळाच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी नाहीतर खारीतल्या चिंबोऱ्यांचे कालवण करी. त्या कालवणात मीठ घालताना ती कधीच चव घेऊन पाहत नसे. "मिठाच्या घरात मीठ चाखायचं काय रं?" म्हणे. आमच्या घरी जेवणात मीठ कमी पडल्याची तक्रार कोणी केली नाही, जास्त झाल्याची करायची हिंमत नव्हती.

होळीपासून वैशाखापर्यंत मीठ निघे आणि बांधालगतच्या उंचवट्यावर त्याची रास उभी राही. तेथे आमच्याकडची एक रीत होती, आणि या प्रकरणाचा सारा जीव त्या रीतीत आहे. राशीला दार नसते, भिंत नसते, कुलूप नसते. म्हणून रास पूर्ण झाली की तिला खाडीच्या चिखलात भाताचे तूस कालवून वरपासून खालपर्यंत लिंपायचे. आणि ते लिंपण ओले असतानाच घरच्या बाईने त्यावर घराचा लाकडी छापा ओळीने उठवायचा. मग पेंढ्याने शाकारायचे. प्रत्येक घराचा छापा वेगळा. आमच्या छाप्यावर तोंडाला तोंड लावलेले दोन मासे होते. कोणी रात्रीबेरात्री मीठ काढायला हात घातला की मासे मोडणार, आणि मोडलेला मासा ज्याचा छापा त्याच्यावाचून कोणालाही जोडता येणार नाही. छापा सासूकडून सुनेकडे जाई. आयेचा देवघराच्या कोनाड्यात, लाल फडक्यात बांधलेला असे. त्याला हात लावायचा अधिकार बालासुद्धा नव्हता.

पण आमची रास पेंढ्याखाली पावसाळा काढताना मी लहानपणी क्वचितच पाहिली. वैशाखात बंदरावरचा शेठ यायचा. पांढरी टोपी, पायात करकरीत वहाणा, आणि राशीकडे पाठ करून बोलायची लकब. "सगळ्यांचंच निघालंय हो यंदा. घेणार कोण?" एवढे एकच वाक्य तो दरवर्षी बोले आणि गावातल्या साऱ्या राशी त्याच्या भावाने मचव्यात चढत. बाला पावसाळी भाताचे बियाणे घ्यायचे असे, बांध दुरुस्त करायचा असे, माझ्या फीची सोय करायची असे. शेठला यातले काहीही नको होते. त्याला फक्त थांबायचे होते. तेच मीठ श्रावणात, नारळी पौर्णिमेनंतर मासळी सुकवणाऱ्यांची झुंबड उडाली की, तो आपल्या वखारीतून दामदुपटीच्या तोऱ्यात विकी. एका वर्षी बाने जरा घासाघीस केली तेव्हा शेठ हसून म्हणाला, "ठेव की मग, म्हातरबा! पावसात पाणी झालं की खाडीला परत देऊन टाक." सारे गाव हसले. बाही हसला. ते बाचे हसू मला अजून खुपते.

मी तेव्हा रोह्याला कॉलेजात होतो. मावशीचे घर कुंडलिकेच्या काठाजवळ. मागच्या पडवीत माझी वळकटी आणि पुस्तकांची पेटी. मावशी वालाचे बिरडे असे करी की त्याच्या वासाने नदीवर कपडे धुणाऱ्या बायका घरची आठवण काढत. आमच्या वर्गावर जोगळेकर सर अर्थशास्त्र शिकवायला येत. स्वच्छ धोतर, स्वच्छ मराठी, आणि खडूची भुकटी झटकायची एक विशिष्ट पद्धत. एका दुपारी त्यांनी मागणीची लवचीकता शिकवायला घेतली. किंमत वाढली की मागणी घटते, हा नियम. पण काही वस्तू या नियमाला जुमानत नाहीत. "उदाहरणार्थ मीठ," सर म्हणाले. "भाव दुप्पट झाला म्हणून कोणी आमटी अळणी खात नाही, आणि निम्मा झाला म्हणून दुप्पट मीठ खात नाही. मिठाची मागणी अलवचीक." आणि सबंध वर्ग मान वळवून माझ्याकडे पाहू लागला, कारण मी मिठागरावरचा हे सर्वांना ठाऊक होते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, मीठ इथेच बसलंय." सरही हसले. मी हसलो नाही. मी विचार करीत होतो.

भाव वाढला तरी लोक मीठ घेणारच असतील, तर आमचा भाव का पडतो? हा प्रश्न मी वर्गात उभा राहून विचारला. सर म्हणाले, "कारण तुम्ही सगळे एकदम विकता. वैशाखात पुरवठा ढिगाने, मागणी आहे तेवढीच. भाव कोसळणारच." मी विचारले, "आणि श्रावणात विकले तर?" सर म्हणाले, "तर तुम्ही व्यापारी झालात, शेतकरी राहिला नाहीत." वर्ग पुन्हा हसला, तास संपला. सरांनी मला वाट दाखवली असे त्यांच्या गौरवाच्या कार्यक्रमात एका वक्त्याने सांगितले, तेही येथेच दुरुस्त करून ठेवतो. सरांनी वाटेच्या तोंडाशी आणून सोडले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पुढे मी एकटाच चाललो. त्या आठवड्यात मी पाठ्यपुस्तकातले बँकेचे प्रकरण वाचले. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी ते परीक्षेपुरते वाचले. मी ते बाच्या राशीपुढे उभा राहून वाचावे तसे वाचले. बँक मालाच्या तारणावर कर्ज देते. माल विकू नये, थांबावे, यासाठी देते. त्या थांबण्याला व्याज नावाची किंमत असते. आणि व्याजाहून भावातली वाढ मोठी असेल तर थांबणे हाच धंदा. पुस्तक बाजूला ठेवताना मला एक गोष्ट लख्ख दिसली: शेठ आमचे मीठ विकत घेत नव्हता, आमची घाई विकत घेत होता.

आज माझा नातू पुण्यात व्यवस्थापनशास्त्र शिकतो. खेळते भांडवल म्हणजे काय हे तो मला रंगीत चित्रांनी समजावून सांगतो, आणि मी मन लावून ऐकतो. चित्रे छान असतात. खेळते भांडवल नसले की माणूस कसा हसतो, ते मात्र त्याच्या चित्रात नसते.

जगन्नाथ पेणच्या एका बँकेत नुकताच कारकून झाला होता. बँका नुकत्याच सरकारी झाल्या होत्या आणि शेतकऱ्याला, कारागिराला कर्ज द्या असा वरून आदेश होता. रविवारी तो रोह्याला घरी येई, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून. मी त्याच्याकडे गेलो, हे खरे. रडत गेलो नाही, ओटीवर तो वालाच्या शेंगा खात बसला होता आणि मी त्याच्यापुढे बसून रीतसर विचारले, "जगूदादा, मिठाच्या राशीवर तारणकर्ज मिळेल का?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "मिठावर? उद्या हवेवर मागशील! अरे, तारण म्हणजे सोनं, तारण म्हणजे गोदामातला तांदूळ. ढिगाला कुलूप कुठं लावायचं रे, शेंड्याला?"

"पण साहेबांना विचारून तर बघ."

"मी? मला नोकरी टिकवायचीय." आणि आत हाक मारून म्हणाला, "आई, ह्याला वाल जास्त घाल गो. अभ्यासानं डोक्यात गॅस धरलाय."

त्याने टाकलेला शब्द तो हा. मावशी हयात असती तर तिने साक्ष दिली असती, ती आतून म्हणाली होती, "तुझ्या डोक्यात तर तेवढाबी नाय."

मी शनिवारची एसटी धरून घरी आलो. कोलाडला वळून, खांब, नागोठणे करीत गाडी गडबला पोचेपर्यंत मी बाशी करायच्या वादाची तालीम करीत होतो. बा रास पुरी करून बांधावर बसला होता. शेठचा निरोप येऊन गेला होता. भाव मागच्या वर्षीपेक्षाही खाली. बा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "भास्कर, यंदा ह्या भावात तुझं शेवटचं वर्स नाय व्हनार. बुकं आन परत. वाफ्यावर माणूस कमीच हाय."

म्हणजे पणाला काय लागले होते हे वाचकाने ध्यानात घ्यावे: ही एक रास आणि माझे पुढचे सबंध आयुष्य. मी बाला म्हणालो, "मना आठ दिवस दे. शेठला होय म्हणू नको."

"आठ दिसांनी काय व्हनार?"

"बँक."

बा थुंकला. "बँकेत आपुन काय ठेवलंय?"

"काय नाय ठेवलं. आता ठेवू."

सोमवारी मी पेणला बँकेत गेलो. जगन्नाथने मला काउंटरमागून पाहिले आणि कागदात मान घातली. साहेबांचे नाव लिमये. पुण्याचे, किरकोळ अंगाचे, चष्म्याच्या वरून बघणारे. दयाळू वगैरे मुळीच नव्हते. माणूस काटेकोर होता, आणि त्याच कारणासाठी मी त्यांचा आदर करतो. माझे सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "तुमचा युक्तिवाद पुस्तकी दृष्ट्या निर्दोष आहे. पण तारणाचा प्राण ताबा असतो. तांदूळ गोदामात असतो, गोदामाला आमचं कुलूप असतं, किल्ली आमच्या तिजोरीत असते. तुमचं मीठ उघड्यावर. तुम्ही रात्री चार टोपल्या काढल्यात तर मला कळणार कसं?"

"साहेब, आमच्या राशीलाही कुलूप असतं," मी म्हणालो आणि त्यांना छाप्याची रीत सांगितली.

त्यांनी चष्मा काढला. "फारच चतुर. पण हे कुलूप तुमचं. किल्लीही तुमच्याच घरी. मोडाल आणि पुन्हा छाप उठवाल."

खरे सांगतो, घरून निघताना याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते त्या खुर्चीत बसल्या बसल्या आले, आणि आले तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. तो अजून ओसरलेला नाही. मी म्हणालो, "मग छापा तुमच्या तिजोरीत ठेवा."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारले, "आणि पावसात विरघळलं तर?"

"साहेब, विरघळणारा माल सांभाळत आमची खापरपणजी जगली. बँक तेव्हा नव्हती."

ते हसले. दोन दिवसांनी रास पाहायला येतो म्हणाले. बाजारभावाच्या निम्म्याहून कमी रक्कम देईन, लिंपणावरचा छाप मोडलेला आढळला तर कर्ज तत्काळ परत मागेन, अशा अटी त्यांनी घातल्या. दया करणारा माणूस अशा अटी घालत नाही. मी त्या सर्व मान्य केल्या आणि बँकेच्या पायऱ्या उतरलो. तेथे मला आठवले की छापा माझा नव्हताच.

आये भाकऱ्या थापत होती. मी सांगितले. तिचा हात थांबला. "मना सासूनं दिला. तिला तिच्या सासूनं. मेल्यावर तुझ्या बायकोला देईन. तो बँकेत ठेवू? चोरी केलेल्या घराचा छापा पंचायत काढून घेते, ठावं हाय ना तुला? गाव काय म्हनंल?"

बा मध्येच म्हणाला, "जाऊ दे गो. शेठला देऊन टाकू."

त्या 'शेठला देऊन टाकू'ने जे काम केले ते माझ्या सर्व अर्थशास्त्राला जमले नसते. आयेने पिठाचे हात झटकले आणि बाकडे असे पाहिले की तो उठून बाहेर गेला. "शेठला?" ती म्हणाली. "वर्साला आमचा मासा फोडून नेतो तो. ह्या वर्सी नाय नेनार." आणि साहेब आले त्या दिवशी ओल्या लिंपणावर तिने स्वतः ओळीने मासे उठवले, छापा खाडीच्या पाण्यात धुतला, पदराला पुसला, आणि साहेबांच्या हातात देताना म्हणाली, "सायेब, हा माझा ठेवा हाय. पैशांच्या शेजारी ठेवा, फायलींच्या नको." लिमये साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

शेठ वैशाखात आला, आमच्या शाकारलेल्या राशीकडे पाठ करायचीही विसरला आणि तसाच परत गेला. माझी फी भरली गेली. आता जगन्नाथचे चौथे विधान उरले, पावसाचे.

आषाढात एका दुपारी वादळ झाले. खाडीच्या बाजूचा पेंढा उडाला, एका कोपऱ्याचे लिंपण घसरले आणि आतले मीठ दिसू लागले. बाने काय केले? आमच्या गावातल्या कोणीही जे केले असते तेच केले: धावत जाऊन ताजा चिखल लावला, वर पेंढा टाकला आणि मीठ वाचवले. मी शुक्रवारी संध्याकाळी रोह्याहून आलो तेव्हा त्याने मोठ्या आनंदाने दाखवले, "बघ, येळेवर लिंपलं!" मी पाहिले. सगळ्या राशीवर माशांच्या ओळी, आणि एका कोपऱ्यात कोरा, गुळगुळीत चिखल. अटीप्रमाणे छाप मोडला होता. मीठ चोरणाऱ्याने नेमके असेच केले असते.

शेजारचा पांडू म्हणाला, "त्यात काय! सुताराकडून तसाच छापा कोरून घे. दोन मासे तर हायत." बानेही मान डोलावली. मी म्हणालो, "तसाच दुसरा छापा आला की पहिल्याला किंमत नाय राहत. मग उद्या बँक कोनाच्याच राशीवर इस्वास नाय ठेवनार." आये म्हणाली, "दुसरा मासा माझ्या राशीवर बसनार नाय. इषय संपला." शनिवारी सकाळी बँक उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. प्रथम जगन्नाथ भेटला. ऐकून त्याने मला कोपऱ्यात ओढले आणि कुजबुजला, "येडा हायस काय? सोमवारी तपासणीला मीच येणार. मी 'ठीक' असा शेरा मारतो. कुणाला कळत नाय."

'सांभाळून घेतले' ते हे. मी त्याचा हात सोडवला आणि साहेबांच्या खोलीत शिरलो.

साहेब त्याच दुपारी आले. गडबपर्यंत एसटीने, पुढे बांधावरून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट एका हातात आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत लाल फडके. बांधाच्या निसरड्या वळणावर त्यांचा एक बूट खाडीच्या चिखलात पडला; तो बाने काढून दिला. राशीपाशी पोचल्यावर ते कोऱ्या कोपऱ्याकडे पाहतच राहिले. "हे गंभीर आहे, भास्करराव," ते म्हणाले. "येथून मीठ काढलं गेलं नाही, हे मी कशावरून मानू?"

मी पेंढा वरच्या बाजूने उचलला. कोऱ्या कोपऱ्याच्या अगदी वरच्या ओळीतले मासे सलग होते. एकाच्याही अंगावर तडा नव्हता. मी म्हणालो, "साहेब, खालून चार टोपल्या काढल्या असत्या तर वरचं मीठ खाली बसलं असतं आणि हे मासे फाटले असते. लिंपण घसरलं आहे, मीठ जागचं हललेलं नाही. तुमचं कुलूप शाबूत आहे. त्याच्यावरचा रंग तेवढा गेला."

त्यांनी चष्मा पुसला, वाकून एकेका माशावरून बोट फिरवले. सबंध राशीला प्रदक्षिणा घातली. पाऊस त्यांच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होता आणि आये डोक्यावर इरले धरून एका शब्दानेही विनवणी न करता उभी होती. शेवटी ते सरळ झाले, लाल फडके सोडले आणि म्हणाले, "बाई, तुमचा ठेवा. या कोपऱ्याला तुमच्या हातानं छाप घाला. मी बघतो." कोपऱ्यावर नवे मासे उमटले आणि धुतलेला छापा पुन्हा साहेबांच्या पिशवीत गेला. मग आयेने त्यांना घरात नेऊन गरम भाकरी आणि निवट्यांचे कालवण वाढले. साहेबांनी निवट्या म्हणजे काय हे जेवून झाल्यावर विचारले. बाने बांधाखालच्या चिखलात उड्या मारणारे मासे बोटाने दाखवल्यावर ते म्हणाले, "असो. मीठ उत्तम होतं."

नारळी पौर्णिमा झाली. मासळीवाले फिरू लागले, बंदरावर मिठाचा खडा मिळेना, आणि एका सकाळी शेठ आमच्या ओटीवर येऊन बसला. या खेपेला त्याचे तोंड आमच्याकडे होते. "म्हातरबा," तो म्हणाला, "भाव बोल." बाने आयुष्यात पहिल्यांदा भाव सांगितला. शेठने पहिल्यांदा घासाघीस केली. बा म्हणाला, "नको तर ठेव, शेठ. आमी दिवाळीपर्यंत थांबू." मी दारामागे उभा होतो. वर्गात शिकलेली सगळी अर्थशास्त्राची व्याख्याने एका पारड्यात आणि बाचे 'आमी थांबू' दुसऱ्यात घातले तर कोणते पारडे खाली जाईल, हे मला आजही ठाऊक आहे. शेठने भाव दिला. साहेबांच्या साक्षीने पेंढा निघाला, मासे फुटले, रास मचव्यात चढली. बँकेचे सर्व व्याजासह फिटले, छापा पुढच्या वर्षीच्या कर्जासाठी तिजोरीतच राहिला, आणि उरलेल्यातून बाने बांध दगडाने बांधून घेतला. निम्मे मीठ वाहून गेले असते तर तो बांध कशाचा उभा राहिला असता, हे जगन्नाथने सांगावे. त्या बांधाचे काही दगड मी गेल्या वर्षी पाहून आलो. खारीचे आता प्लॉट पडले आहेत, डोलवीच्या कारखान्याच्या शिफ्टला जाणारी पोरे त्यांवर बसून मोबाइल बघतात. ते दगड कुठून आले हे त्यांना ठाऊक नाही. मी सांगितले. त्यांनी जागा करून दिली.

आता निकाल. रडलो नाही, याला साक्षीदार नाहीत, असे जगन्नाथ म्हणेल. शब्द टाकला नाही, याला मावशी हयात नाही. साहेबही गेले, नाहीतर त्यांना दया आली की हिशेब पटला हे त्यांनीच सांगितले असते. तेव्हा माणसांची साक्ष मी काढत नाही. दया माणसाला एकदा येते, फार तर दोनदा. आणि आलेल्या दयेसाठी कोणी सुताराला सागवान आणून देत नाही. पुढच्या वैशाखात लिमये साहेबांनी आयेचा छापा लाल फडक्यासकट तिला घरी आणून परत दिला, कारण आता बँकेला त्याची गरज उरली नव्हती. खारीतल्या घरोघरच्या राशींवर उठवायला पेणच्या त्या शाखेने स्वतःचा छापा करून घेतला होता. त्यावर कुलूप कोरलेले होते.